आवाज रज्जाकचाच होता

सोनखेडीत कुणी गेलं, की घरच्यांच्या मागोमाग ते रज्जाकला कळायचं. रडारड नीट सुरू झालेली नसायची, तोवर भावकीतलं कुणीतरी त्याच्या दारात उभं. भाई, म्हातारं गेलं, तेवढं गावाला सांगा. मग रज्जाक हातातली सुई गादीत खुपसून उठायचा, तोंडावर पाणी मारायचा, टोपी नीट करायचा आणि मारुतीच्या देवळात जाऊन माईक हातात घ्यायचा. देवळाचा माईक आणि बोलणारा रज्जाक शेख पिंजारी, याचं गावात कुणालाच काही वाटत नव्हतं. एखादा पाहुणा दचकायचा, नाही असं नाही. त्याला गावकरीच विचारायचे, मग कुणी बोलावं, तुमी?

आणि खरंच, दुसरा कुणी बोलला तर गाव ते धरायचंच नाही. एकदा रज्जाक श्रीगोंद्याला लेकीकडं, फरहीनकडं गेला होता. मागं ग्रामपंचायतीच्या शिपायानं पुकारलं, की उद्या पहाटे नळाला पाणी येणार. बायांनी हंडे काढलेसुद्धा नाहीत. रज्जाक सांगंल तवा बघू, म्हणाल्या. पाणी आलं आणि गटारीला गेलं. भांडायला मात्र सगळ्या रज्जाकच्या दारात, की तू गाव सोडून जातोसच कसा.

त्याचा आवाज गोड होता अशातला भाग नाही. खर्जातला होता, थोडा खरखरीत. पण तो बोलायचा सावकाश. माणसाचं नाव घ्यायचा, बापाचं घ्यायचा, वस्ती सांगायचा, म्हणजे एकाच्या जागी दुसऱ्याचं मरण पोचायला नको. हे त्याला शिकवलं भीमा कोतवालानं. भीमा हलगी घेऊन दवंडी द्यायचा तेव्हा रज्जाक ऐन जवानीत होता, गळा खणखणीत होता आणि बापाच्या कापसाच्या धुरळ्यातून बाहेर पडायला निमित्त पाहिजे होतं. भीमा थकला तसा तो रज्जाकला सोबत न्यायला लागला. एक गोष्ट मात्र त्यानं पक्की बजावली होती. बातमी गावाची असते, तिच्यात आपलं मीठ घालायचं नाही. रज्जाकनं ते जन्मभर पाळलं. भांडण लागलं तर दोन्हीकडचे त्याच्याकडं यायचे आणि तो दोघांचंही तेवढंच सांगायचा, जेवढं लिहून दिलेलं असायचं.

निवडणुका आल्या की मात्र त्याला उसंत नसायची. पंचायत समितीपासून सोसायटीपर्यंत सगळ्यांना प्रचाराच्या रिक्षावर रज्जाकचाच आवाज हवा. तो सगळ्यांचं काम घ्यायचा. नाव सांगायचं, निशाणी सांगायची, मत द्या म्हणायचं, बस. दुसऱ्याच्या नावानं वाईट बोला म्हटलं, की तो कागद परत करायचा. राग नाही, रुसवा नाही, नुसता घडी घालून परत करायचा.

त्याची कामाची एक पद्धत होती. मागच्या अंगाला गाद्यांची खोली होती. चारी भिंतींना गाद्या, रजया, उशांच्या थप्प्या. त्या खोलीत दार लावून बसलं, की बाहेरचं कुत्रंसुद्धा ऐकू येत नाही. मेहताब, त्याची बायको, शेळ्या लांब नेऊन बांधायची आणि हा मोबाईल समोर ठेवून बोलायचा. वय झालं तसा दम पुरेना, म्हणून तो तुकड्या-तुकड्यानं बोलायला लागला. उमेदवाराचं नाव वेगळं. निशाणी वेगळी. ‘प्रचंड बहुमताने विजयी करा’ वेगळं. निशाण्या ऐन वेळी बदलतात, एखादा उमेदवार माघार घेऊन बसतो, मग सगळं पुन्हा कोण बोलणार? तिसगावचा साउंडवाला ते तुकडे जोडून द्यायचा आणि पेनड्राईव्ह रिक्षावाल्यांना वाटले जायचे. ते कधी परत यायचे नाहीत. कोणाच्या डिकीत पडलेत, कोणाच्या लॅपटॉपात गेलेत, याची रज्जाकला कधी फिकीर वाटली नाही. आपण काय चोरीचं बोललोय का, असं त्याचं म्हणणं.

यंदा सरपंचपद बाईला राखीव निघालं. कल्याणरावांनी आपल्या सुनेला, मोनिकाला उभं केलं. पोरगी लग्न होऊन आली ती शहरातल्या सावेडीतून, तिला गावातली वस्तीसुद्धा धड माहीत नव्हती. पण सरपंच कोण होणार हे कल्याणरावांच्या ओट्यावर ठरायचं, ही गावाची रीतच होऊन बसली होती. आणि ती मोडायला समोर उभी राहिली सत्यशीला. भीमा कोतवालाची लेक. गावातल्या गावात, खालच्या वस्तीवर रामहरी साळव्याला दिलेली.

सत्यशीलेनं काय केलं होतं ते सांगायला पाहिजे. उन्हाळ्यात सोनखेडीला टँकर लागतो. टँकर कल्याणरावांचे. कागदावर खेपा वस्तीच्या विहिरीत पडायच्या, प्रत्यक्षात निम्म्या डाळिंबाच्या बागेत. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे गप्प होते. सत्यशीला एका चैत्रात विहिरीच्या काठावर बाजलं टाकून बसली. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत तिथंच. टँकर आला, की पुढं व्हायची. पाइप विहिरीत सोडल्याशिवाय ड्रायव्हरला हलू द्यायची नाही. आधी एकटीच होती, मग रतनबाई येऊन बसली, मग वस्तीवरच्या सगळ्याच बाया. त्या उन्हाळ्यात वस्तीनं पोटभर पाणी प्यालं. तेव्हा बायाच म्हणाल्या, की तूच उभी राहा, आमी हाव ना.

तिला शिट्टी ही निशाणी मिळाली, मोनिकाला कपबशी. रज्जाकनं दोघींचं काम केलं. सत्यशीलेचं तो फुकट करणार होता आणि तिनं ते होऊ दिलं नाही, एवढं सोडलं तर दोघींत त्यानं तिळाचा फरक केला नाही. मनात मात्र होता. लहानपणी हलगीच्या मागं पळणारी ही पोर, बापाच्या जागी त्यालाच दादा म्हणणारी. ती निवडून आली तर भीमाच्या नावाचं काहीतरी झालं, असं त्याला वाटायचं. मेहताबजवळ तो तसं बोललाही होता. वाराही सत्यशीलेच्या बाजूनं होता. कल्याणरावांच्या ओट्यावरचीसुद्धा काही माणसं घरी जाऊन बायकांना शिट्टी म्हणत होती.

प्रचार संपला. भोंगे उतरले. दुसऱ्या दिवशी मतदान. गाव कसं लग्न लागून गेल्यासारखं शांत होतं. दुधाच्या वेळेला डेअरीवाला सुनील पळत आला. गावाचा जो व्हॉट्सअॅप ग्रुप होता तो सुनीलच चालवायचा. त्यानं मोबाईल रज्जाकच्या कानाला लावला.

‘सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की, सत्यशीला रामहरी साळवे यांनी आपली उमेदवारी मागे घेतली असून कल्याणराव यांच्या पॅनेलला जाहीर पाठिंबा दिला आहे.’

आवाज रज्जाकचा. तोच खर्ज, तोच सावकाशपणा, नावानंतरचा तोच थांबा. मेहताब भाकरी थापत होती, तिचा हात परातीतच राहिला. तिनं वर बघितलं. बघितलं असं, की हे कधी बोललात? आणि खोटं कशाला सांगा, क्षणभर रज्जाकलाही प्रश्न पडला, की आपण हे बोललो की काय.

त्यानं पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना उलगडा झाला. नाव होतं यंदाचं, गाद्यांच्या खोलीतलं, दबकं. बाकीचं होतं मागच्या निवडणुकीतलं, देवळातलं, कुणीतरी मोबाईलवर भरून ठेवलेलं, घुमणारं. तेव्हाचे उमेदवार रंगनाथ पाटील खरोखरच बसले होते, अर्ज मागं घेतल्याचा शिक्क्याचा कागद रज्जाकनं डोळ्यांनी बघितला होता आणि मगच पुकारलं होतं. रंगनाथ पाटलांचं नाव काढून कुणीतरी तिथं सत्यशीलेचं बसवलं होतं. शब्दन् शब्द त्याचाच, आणि हे वाक्य त्यानं जन्मात उच्चारलेलं नाही. सुनीलला त्यानं समजावून सांगितलं. सुनील हो हो म्हणाला आणि मग हळूच म्हणाला, की भाई, पण वाटत नाही हो जोडल्यासारखं.

तो आधी गेला खालच्या वस्तीवर. सत्यशीलेनं ऐकलं होतं. ती चूल पेटवत होती, उठलीसुद्धा नाही. म्हणाली, “दादा, तुमी मला कशाला सांगाया आले? तुमी आसं बोलनार व्हय? जा, लोकांस्नी सांगा.” त्या एका बोलण्यावर रज्जाकला हत्तीचं बळ आलं. रामहरी म्हणत होता, की चला देवळात, माईक लावा आणि सांगून टाका गावाला. पण प्रचार संपल्यापासून माईकला बंदी होती. पोलीसपाटलाकडं जाऊन रज्जाकनं हात जोडले, की मला एवढंच वाक्य बोलू द्या. पोलीसपाटलानं कानावर हात ठेवले. माईक वाजला की गुन्हा, आणि गुन्हा सत्यशीलेच्या नावावर पडायचा, म्हणाला. आता बघा कायद्याची गंमत. खोटं बोलणारा मोबाईल घराघरात वाजतोय आणि खरं सांगणाऱ्याच्या तोंडाला कुलूप.

मग रज्जाक पायी निघाला. दारोदार.

पहिलं दार रतनबाईचं. विहिरीवर सत्यशीलेच्या शेजारी बाजल्यावर बसलेली ही बाई. ती ओट्यावर डोळे पुसत बसली होती. आमी उन्हात बसलो तिच्यासाठी, आन तिनं आमाला इचारलं बी न्हाई, मागं सरली, असं तिचं चाललेलं. रज्जाक म्हणाला, मावशे, सरली नाही ती, मी असं बोललेलोच नाही. म्हातारीनं नातीला हाक मारली. लाव गं ते. नातीनं लावलं. तिघंही तिथंच रज्जाकचा आवाज ऐकत राहिले.

“ह्यो तूच हायस का न्हाईस?” रतनबाई म्हणाली.

आवाज माझा आहे, पण बोललो नाही मी हे, असं तो सांगायला लागला. तुकडे, खोली, पेनड्राईव्ह, रंगनाथ पाटील. सांगता सांगता त्यालाच कळत होतं, की हे म्हातारीच्या डोक्यावरून चाललंय. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

“आवाज तुझा, आन बोलला न्हाईस. मग काय भुतानं बोललं? जल्मभर तुझ्या आवाजावर आमी मौतीला गेलो रं. तवा कधी म्हनला न्हाईस, की ह्यो मी न्हाई.”

मग मी इथं उभा राहून काय सांगतोय, त्याला काहीच किंमत नाही का, असं रज्जाकनं विचारलं. त्यावर रतनबाई जे म्हणाली ते तिच्या मनातलं होतं, कपटाचं नव्हतं. तुला कोणीतरी आता परत दाबलं असेल, म्हणाली. पहिलं तू आपणहून बोललास, आता हे बोलायला लावलंय. गरीब माणूस काय करणार. आणि वर तिनं रज्जाकला पाणी दिलं.

पुढच्या दारात दुसरंच. तिथला बाप्या म्हणाला, की बरं, नसेल घेतली माघार, पण आता तिला दिलेलं मत वाया जाणार ना. रज्जाकनं समजावलं, की माघारीची तारीख कधीच गेली, आता कुणालाच मागं सरता येत नाही, उद्या मशीनवर तिचं नाव आहे, शिट्टी आहे. तर हा म्हणतो, नाव पुसायचं राहून गेलं असेल. तिसऱ्या दारात एक कॉलेजला जाणारा पोरगा. त्यानं तर रज्जाकलाच धडा दिला, की मागं घेतलेल्या उमेदवाराची मतं आपोआप समोरच्याला जातात, तसा नवीन नियम आलाय. कुठं आलाय, तर आलाय. त्याच्या मोबाईलमध्ये आलाय. आता अशा अकलेपुढं माणसानं डोकं कुठं आपटावं? ज्याला विहिरीतलं पाणी कोणी चोरलं ते नेमकं कळतं, त्याला मत कसं मोजतात हे कळून घ्यावंसं का वाटत नाही? एका ठिकाणी तो ओरडलासुद्धा, की अरे बाबांनो, जरा विचार तरी करा. तो असा ओरडलेला गावानं कधी बघितला नव्हता. माणसं एकमेकांकडं बघायला लागली.

पारावर कुणीतरी बोललं, तो पुढं गेल्यावर, पण त्याला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं. त्यांचं काय खरं धरता, म्हणालं. ‘त्यांचं’ म्हणजे कुणाचं, हे रज्जाकला समजायला वेळ लागला. देवळाच्या माईकवर सगळ्या गावाची मरणं सांगितलेल्या माणसाला इतक्या वर्षांत हा शब्द ऐकायची पाळी आली नव्हती. तो थांबला नाही, वळलाही नाही. फक्त पुढची दोन घरं त्यानं सोडून दिली.

सुनीलला दया आली म्हणा किंवा पटलं म्हणा, त्यानं एक तोड काढली. मोबाईलला मोबाईलनं उत्तर द्यायचं. त्यानं रज्जाकला डेअरीत बसवलं आणि म्हणाला, बोला, मी टाकतो ग्रुपवर. रज्जाक बोलला. पण इतकी घरं हिंडून घसा बसला होता, दम लागला होता, आणि रडू आवरत नव्हतं. मी रज्जाक शेख बोलतोय, सत्यशीलाबाईंनी माघार घेतलेली नाही, ती बातमी खोटी आहे, मी हात जोडून सांगतो. शब्द अडखळले, मध्ये खोकला आला. सुनीलनं तसंच टाकून दिलं.

आणि गावानं दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ऐकलं. एक खणखणीत, ठाशीव, जन्मभर ऐकलेलं. दुसरं फुटलेलं, कापरं, घाबरलेलं. गावाचा निवाडा व्हायला वेळ लागला नाही. दुसरं खोटं. रज्जाक कधी असा बोलतो का? ही कुणीतरी त्याची नक्कल केलीय. शिकलेल्या पोरांनी तर शिक्काच मारला, की हे कॉम्प्युटरनं बनवलेलं आहे, आजकाल सगळं बनवता येतं. खोटं बनवता येतं ही एवढी एकच खरी गोष्ट त्या मोबाईलनं गावाला शिकवली होती, आणि ती गावानं लावली ती अशी, खऱ्याला. सुनीलनं हे सांगितलं ते रज्जाकनं ऐकून घेतलं. मग उठून घरी गेला.

मतदानाच्या सकाळी शाळेसमोर रांग लागली. रज्जाक आपलं मत देऊन लांब लिंबाखाली उभा राहिला. जवळ जायची सोय नव्हती, बोलायची तर नव्हतीच. रतनबाई नातीच्या हाताला धरून आली. तिनं त्याच्याकडं बघून मान हलवली, ओळखीची, मायेची. आत गेली, बाहेर आली, बोटावरची शाई त्याला दाखवली आणि घरी गेली. बाईच्या मनात पाप नव्हतं. तिनं कपबशीसमोरचं बटण दाबलं असणार आणि आपलं मत वाया गेलं नाही याचं समाधान घेऊन ती गेली असणार. कुणाला शिव्या द्यायच्या, हेच रज्जाकला कळेना. ज्यानं तुकडे जोडले तो दिसत नव्हता, कधी कळणारही नव्हता. कल्याणराव भेटले तेव्हा खांद्यावर हात ठेवून म्हणाले होते, की भाई, मला यातलं काही माहीत नाही. ते खरं की खोटं, तेही कोण सांगणार?

पाथर्डीला मोजणी झाली. सत्यशीला पडली. थोडक्या मतांनी पडली, तेच जास्त लागलं. एकट्या खालच्या वस्तीनं साथ दिली असती तरी ती निवडून आली असती. वस्तीनंच दिली नाही.

दुपारी रज्जाक तिच्या घरी गेला. मेहताब म्हणाली होती, आज जाऊ नका, त्यांना जरा सावरू द्या. पण त्याला राहवलं नाही. सगळं गाव गेलं तर गेलं, ती एक तर आहे, एवढाच त्याच्या जिवाला आधार होता. रामहरी दारातच बसला होता. या म्हणाला नाही, नको म्हणाला नाही, उठून गोठ्याकडं गेला. सत्यशीलेनं चटई टाकली. चहा ठेवला.

तेवढ्यात मिरवणूक वस्तीवर आली. गुलाल, फटाके आणि पुढं भोंगा लावलेली रिक्षा. नवीन काही बोलून घ्यायला कुणाला सवड झाली नव्हती, म्हणून प्रचाराचंच लावून दिलं होतं. मोनिकाताई, कपबशी, प्रचंड बहुमताने. रज्जाक भिंतीला टेकून तोंड मिटून बसलेला आणि बाहेर रस्त्यावरून रज्जाकच ओरडत चाललेला. सत्यशीला चुलीपाशी पाठमोरी उभी होती. भोंगा दारावरून पुढं गेला, लांब गेला, वळणावर बारीक झाला. तोवर ती हलली नाही.

मग तिनं कपात चहा ओतला आणि त्याच्यासमोर आणून ठेवला. समोरच बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, खाली बघत म्हणाली, “दादा, एक इचारू? मी कुनाला सांगनार न्हाई. ह्यांना बी न्हाई.”

रज्जाकनं मान वर केली.

“तुमाला कुनी दाबलं हुतं का?”

अख्ख्या गावाला उत्तरं देऊन आलेला माणूस. रतनबाईला दिलं, पोरांना दिलं, पारावरच्याला दिलं नाही ते शरमेनं. या एका दारात त्याला उत्तर द्यावं लागलं नव्हतं, म्हणून तो बाकीची दारं हिंडू शकला होता. त्याला खूप काही सांगायचं होतं. गाद्यांची खोली, देवळाचा घुमारा, नावानंतरचा थांबा. ते सगळं तो तिला आधीच सांगायला गेला होता आणि तेव्हा तिनं ऐकूनही घेतलं नव्हतं, इतका तिचा विश्वास होता. मधल्या दोन दिवसांत किती जणींनी तिच्या कानाशी तो मोबाईल धरला असेल, किती वेळा तिनं स्वतःच एकटीनं लावून ऐकला असेल, ते देव जाणे.

“न्हाई, सत्ये,” तो म्हणाला. “मी बोललोच न्हाई.”

ती लगेच मान हलवायला लागली, रडणाऱ्या लेकराला गप्प करताना हलवतात तशी. हात पुढं करून तिनं कप त्याच्याजवळ सरकवला.

“ऱ्हाऊ द्या दादा. झालं ते झालं. तुमाला बी लेकरंबाळं हायेत. माझ्या मनात तुमच्याबद्दल काय न्हाई. च्या घ्या.”

तिनं त्याला माफ केलं होतं. मनापासून, पूर्ण माफ केलं होतं, आणि आता यावर बोलायला काही उरलं नव्हतं. रज्जाकनं कप उचलला. चहा घेतला नाही तर तिला वाईट वाटलं असतं, म्हणून त्यानं तो शेवटपर्यंत प्याला.